बाबांचा बीपी १६८/१०२ निघाला, पण त्रास काहीच नाही. गोळी सुरू करायची का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ५६ वर्षांचे आहेत, यवतमाळ जिल्ह्यात शेती करतात, शिबिरात बीपी १६८/१०२ निघाला आणि तिथल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. पण बाबा म्हणतात, "मले काहीच होत नाही न, अन् एकदा गोळी लागली का जलमभर सुटत नाही." मी वर्धा जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. हेच वाक्य माझ्यासमोर बसून कितीतरी जण म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. पुन्हा नीट मोजूनही आकडा असाच आला, तर गोळी घ्यावी लागेल आणि बहुधा कायम घ्यावी लागेल. त्रास नाही म्हणून थांबता येत नाही, कारण या आजारात बहुतेकांना त्रास नसतोच. डोकं दुखणं, चक्कर यावर बीपी ओळखता येत नाही. १७० असलेला माणूस दिवसभर डवरा हाकतो आणि १२० वाला डोकं धरून बसतो, हे मी नेहमी बघते. बीपी फक्त मोजूनच कळतो.

बाबांना ठिबकचं उदाहरण देऊन बघा. पंपाचा दाब जास्त असला तरी नळी त्याच दिवशी फाटत नाही, जोड हळूहळू कमजोर होत जातात. मेंदूतल्या, किडनीतल्या, डोळ्यांच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं असंच होतं. हृदयाला जोर लावून लावून त्याचा स्नायू जाड होतो. यात वर्षं जातात, आणि बऱ्याच घरांत बीपी होता हे कळतं तेच लकवा मारल्यावर.

आता मोजण्याबद्दल. शिबिरात माणूस उन्हातून चालत येतो, तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी) असतो, रांगेत धक्काबुक्की, लगेच दंडाला पट्टा. म्हणून त्या एका आकड्यावर घाबरू नका आणि तो सोडूनही देऊ नका. आठवडाभरात उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा मोजा. आधी अर्धा तास चहा, खर्रा, बिडी नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि पहिल्या वेळी दोन्ही हातांवर. मोजताना बोलायचं नाही, बोलण्यानेही आकडा चढतो. असं मोजूनही १४०/९० किंवा त्यावर आला, तर तो उच्च रक्तदाब. १८०/११० च्या वर गेला तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गोळीची सवय लागते ही समजूत फार नुकसान करते. गोळी शरीरात असते तोवर दाब आवरून धरते, बंद केली की दाब परत चढतो. आजार होता तिथेच असतो म्हणून चढतो, गोळीने नवीन काही लागत नाही. सर्वात जास्त माणसं इथेच हातची जातात. दोन महिन्यांनी आकडा १३० येतो, माणूस म्हणतो बरा झालो, आणि गोळ्या बंद. तो १३० गोळीमुळेच आलेला असतो.

औषधं जुनी आणि पारखलेली आहेत: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपले वर्धा आणि भंडारा होते. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात, महिन्याभराच्या एकदम मागून घ्या. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. तसं झालं तर गोळी बदलून मिळते, मनाने बंद करू नका. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात उठताना अंधारी येत असेल तर लगेच मोजून घ्या. उन्हाळ्यात काहींचा बीपी उतरतो आणि डोस कमी करावा लागतो, पण तो डॉक्टरांनी. सुरुवातीलाच शुगर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन आणि एक ईसीजी करून घ्या.

मीठ कमी करून भागेल का, हे तुम्ही विचारलंय. १६८ ला एकट्या मिठाने भागणं कठीण, पण त्याने गोळी कमी लागू शकते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. घरात चार माणसं असतील तर एक किलोचा पुडा ५० दिवस पुरला पाहिजे. महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर जातंय, आणि दुकानातला चिवडा-शेव त्यात धरलेला नाही. आपल्याकडे मीठ ठेच्यातून, लोणच्यातून, पापड-कुरडयांतून, वरून घेतलेल्या चिमटीतून जातं. भाजीचं मीठ थोडं उतरवा आणि ताटात वाढणं बंद करा, दोन-तीन आठवड्यांत जीभ रुळते. सैंधवही मीठच आहे. घाम गाळतो म्हणून जास्त मीठ लागतं असं बाबा म्हणतील. त्यांना रोजच्या जेवणातलं मीठ पुरतं, पाणी मात्र भरपूर हवं. जुलाब झाले किंवा ऊन लागलं तर ओआरएस द्यायचंच आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना सांगायचं.

खर्ऱ्याचं कडक सांगते. तंबाखू तोंडात गेली की थोड्या वेळासाठी बीपी आणि ठोके दोन्ही वाढतात, आणि दिवसभर खर्रा चालू असला तर तो थोडा वेळ संपतच नाही. तेवढंच लक्ष पाठदुखीच्या गोळ्यांवर ठेवा. निंदण-फवारणीनंतर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाणं आपल्याकडे सर्रास आहे. तिने बीपी चढतो आणि किडनीवर ताण येतो, टेल्मिसार्टनसोबत तर जास्तच. दुखलं तर पॅरासिटामॉल विचारून घ्या.

कुणी सर्पगंधाची मुळी देईल. मुळीत गुण आहे हे खरं, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा बीपीवरचा परिणाम छापून मांडला होता. पण घरी उगाळलेल्या मुळीत औषध किती हे कळत नाही, आणि त्याने मन खचल्याचेही अनुभव आहेत. ती नको.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर कोणत्या वेळी सुरू झालं ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. पाणी पाजू नका, जिभेखाली गोळी ठेवू नका, लकवा उतरवायला कुठे नेऊ नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. जवळचा सीटी स्कॅन कुठे चालू आहे, हे बाबांचा बीपी पुन्हा मोजायला जाल तेव्हाच विचारून ठेवा.