होमस्कूलिंगमध्ये इतिहास: अभ्यासक्रम निवडण्याआधी स्वतःकडे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सातचा, दोघांना घरीच शिकवताय, आणि इतिहासासाठी तीन पर्यायांत अडकला आहात. पहिला अश्मयुगापासून आजपर्यंत चार वर्षांत क्रमाने जाणारा, दुसऱ्यात धड्यागणिक प्रोजेक्ट, तिसरा म्हणजे सरळ पाठ्यपुस्तक आणि वर्कबुक. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की तुम्हाला स्वतःला शाळेत इतिहास कधीच आवडला नाही. माझं उत्तर त्या वाक्यापासून सुरू होतं.

पुस्तक मुलांना आवडेल का, हे आपण सगळेच बघतो. शिकवणाऱ्याला ते झेपेल का, हा विचार पैसे भरून झाल्यावर येतो. गणिताचं पुस्तक घेऊन मूल एकटं बसू शकतं. इतिहास मात्र निदान दहा-अकरा वर्षांपर्यंत कुणीतरी वाचून दाखवावा लागतो, त्यावर बोलावं लागतं. तो रोज तुमच्या तोंडून जाणार आहे. रात्रभर झोप झालेली नाही, कामं अंगावर आलीत, धाकट्याची किरकिर चालू आहे, अशा दुपारी जे पुस्तक हातात घ्यायला जिवावर येणार नाही तेच घ्या. बाकीचे सगळे निकष माझ्या लेखी याच्या खालचे.

हे मी फार सहज लिहितेय, पण कळायला मला एक अख्खं वर्ष लागलं. पहिल्या वर्षी मी प्रोजेक्टवाला संच घेतला, कारण नमुन्याची पानं बघूनच मी हरखले होते. इजिप्तच्या धड्यात सफरचंदाची ममी करायची होती. फोडी पेल्यात ठेवायच्या, त्या बुडतील इतकं मीठ आणि खाण्याचा सोडा घालायचा, आठवड्याने वजन करायचं. खऱ्या ममीसाठी नॅट्रॉन हा नैसर्गिक क्षार वापरत. देह त्यात सुमारे चाळीस दिवस सुकवत आणि सगळा विधी सत्तर दिवस चाले, हेही आम्ही वाचलं. फोडी चामड्यासारख्या झाल्या, मुलं खूश. सहा महिन्यांनी धाकट्याला विचारलं, "इजिप्तमधले लोक मेलेल्यांचे देह एवढे जपून का ठेवायचे?" तो म्हणाला, "मीठ पाणी ओढून घेतं म्हणून."

विज्ञानात पैकीच्या पैकी. इतिहासात मात्र मृत्यूनंतरचं जगणं, त्यासाठी देहाची गरज, राजाला देव मानणं, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. दोष त्या संचाचा नव्हता. कापाकापी, चिकटवाचिकटवी आणि नंतरची आवराआवर यातच माझा जीव जायचा आणि बोलायला दम उरायचा नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात तोच संच तिसऱ्या वर्षी मजेत चालू आहे, कारण त्या आईला हातात कात्री असल्याशिवाय बोलणंच सुचत नाही! आमच्याकडे चौथ्या महिन्यात तो कपाटात गेला.

आता तुमच्या पहिल्या पर्यायाबद्दल. असे चार वर्षांचे क्रमवार अभ्यासक्रम साधारण असे विभागलेले असतात: प्राचीन, मध्ययुगीन, मग सुमारे १६०० ते १८५० आणि त्यानंतरचा काळ. तुमच्या मुलांच्या वयांना हा हिशेब छान बसतो. मुलगी पंधराव्या वर्षी एक पूर्ण फेरी संपवेल, मुलगा अकराव्या वर्षी पहिली संपवून दुसरीला लागेल. धोका एकच, आणि तो मी अनेक घरांत पाहिलाय. दरवर्षी उत्साहाने आरंभापासून सुरुवात होते, मधे खंड पडतो, पुढच्या वर्षी 'नीट करूया' म्हणून पुन्हा आरंभ. अशी मुलं मेसोपोटेमिया तोंडपाठ सांगतात आणि १९४५ साली काय झालं ते त्यांच्या गावी नसतं. म्हणून आधीच भागाकार करा: धडे किती, वर्षात खरोखर हाती येणारे आठवडे किती. छत्तीस धरले तरी आजारपण, पाहुणे, प्रवास यांत सहा जातात असं माना. धडे त्यात बसत नसतील तर कुठले गाळायचे ते आजच पेन्सिलीने खुणा करून ठेवा. नंतर ते आपोआप गळतात, आणि नेहमी शेवटचेच गळतात.

क्रमवार शिकवण्याचा खरा फायदा सनावळी पाठ होण्यात नाही, तो अंतराची जाणीव येण्यात आहे. आम्ही कागदाच्या पट्ट्या जोडून एक लांब टाइमलाइन केली, एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षं. थोरलीने स्वतःचं आयुष्य मोजलं, तर ते एक सेंटिमीटरच्या जरासं पुढे! इसवी सनापूर्वी २५०० ची खूण साडेचार मीटर मागे, पार दुसऱ्या खोलीत गेली. तिथे गिझाचा मोठा पिरॅमिड आणि मोहेंजोदडो जवळजवळ एकाच ठिकाणी आले. धाकट्याने लगेच विचारलं, "मग यांची ओळख होती का?" इजिप्तशी तशी ओळख असल्याचा पुरावा नाही, पण सिंधू संस्कृतीच्या मुद्रा मेसोपोटेमियात उर शहरात सापडल्या आहेत, म्हणजे त्यांचा माल तरी तिकडे जात होता. तो दिवस या प्रश्नातच गेला, धडा झाला नाही. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

पुढे १६३० च्या आसपास अशीच गर्दी झाली. १६३० ला शिवाजी महाराजांचा जन्म, १६३२ च्या सुमारास ताजमहालाचं काम सुरू, १६३३ ला रोममध्ये गॅलिलिओवर खटला. हे तिन्ही वेगवेगळ्या पुस्तकांत वाचलं की वेगवेगळ्या ग्रहांवर घडल्यासारखं वाटतं. पट्टीवर तीन मिलिमीटरमध्ये बसतं.

पाठ्यपुस्तक आणि वर्कबुकला मी नावं ठेवणार नाही. इतिहास न आवडणाऱ्या पालकाला सांगाडा हवा असतो आणि पाठ्यपुस्तक तो देतं. त्यातल्या गाळलेल्या जागा भरण्यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. त्याऐवजी मुलाला पुस्तक मिटून ऐकलेलं सांगायला लावा. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच सवयीवर भर दिला होता. वाचून दाखवायचं एकदाच, मग मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं, मधे टोकायचं नाही. सुरुवातीला दोन वाक्यं येतात. तेवढ्यावर थांबा. चारेक महिन्यांत मूल आपणहून तपशील आणायला लागतं.

कुठलाही संच घेण्याआधी त्याची अनुक्रमणिका मागून घ्या आणि तीन गोष्टी शोधा. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मुसा आणि त्याची १३२४ ची मक्का यात्रा आहे का? १४०५ ते १४३३ च्या, झंग ह या चिनी दर्यावर्दीच्या सागरी मोहिमा आहेत का? अमेरिकन आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या शेजारी हैतीची क्रांती आहे का, जिथे गुलामांनी उठाव करून १८०४ ला स्वतंत्र देश उभा केला? तिन्ही नसतील तर नाव 'जगाचा इतिहास' असलं तरी आत एका खंडाचा इतिहास आहे आणि बाकीचं जग पाहुण्यासारखं येऊन जातं. तरी घ्यायला हरकत नाही, पण ठिगळ कुठे लावायचं ते ठाऊक असू द्या. मग तुम्हाला स्वतःला नीट माहीत असलेला एक प्रसंग काढून वाचा. १८५७ ला तिथे काय म्हटलंय: बंड, उठाव की स्वातंत्र्ययुद्ध? आणि तो शब्द का निवडला याबद्दल एखादी ओळ आहे का? अशी ओळ लिहिणारा लेखक मला शब्द कोणताही निवडला तरी चालतो.

यापेक्षाही मी ज्यावर पारखते ते वेगळं आहे: पुस्तक मुलांना मूळ साधनांपर्यंत नेतं का? उदाहरण अशोकाचं घ्या. बहुतेक पुस्तकांत दोन वाक्यं असतात, कलिंगच्या युद्धात खूप माणसं मेली, अशोकाला पश्चात्ताप झाला. आम्ही तेराव्या शिलालेखाचा अनुवादच वाचला. दीड लाख माणसं हलवली गेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली, असं जिंकणारा राजाच दगडावर कोरून सांगतोय. नुसतं तेवढं वाचूनही मुलं गप्प झाली. मग मी नकाशा काढला. हा लेख कुठे कुठे सापडला त्यावर खुणा केल्या आणि विचारलं, "कलिंगमध्ये धौली आणि जौगड इथेही अशोकाचे शिलालेख आहेत. तिथे हा तेरावा लेख नाही, त्या जागी दुसरेच दोन आहेत. का असेल?"

थोरली म्हणाली, "तिथल्या लोकांना काय सांगायचं? त्यांना माहीतच होतं की." धाकटा म्हणाला, "लाज वाटली असेल त्याला." मग तीच जरा वेळाने म्हणाली, "किंवा भीती. आठवण करून दिली तर पुन्हा चिडतील." अभ्यासकही यावर तर्कच करतात, त्यामुळे तिन्ही उत्तरांपैकी कुठल्यालाही बरोबर-चूक म्हणायची मला गरज नव्हती. राजा काय बोलला, हे पाहताना कुणासमोर बोलला नाही हेही बघायचं, एवढं त्या दिवशी दोघांना कळलं. अशी एखादी जागा दर दोन-तीन धड्यांत सापडेल असं पुस्तक शोधा. सापडलं नाही तर निदान मधे थांबायला सवड देणारं घ्या. रोजचं वेळापत्रक मिनिटामिनिटाला बांधून देणारे संच इथेच मार खातात.

ऐतिहासिक गोष्टींची पुस्तकं सोबतीला जरूर ठेवा, पण अधूनमधून विचारत राहा, "हे ते खरंच बोलले असतील का?" माझा धाकटा दोन वर्षं कादंबरीतले संवाद इतिहास म्हणून सांगत होता.

दोघांना एकत्र शिकवायचं का? हो, नक्की. वाचन एकत्र, काम वेगळं. सात वर्षांच्या मुलाने गोष्ट सांगितली, एक चित्र काढलं, पट्टीवर एक खूण केली की त्याचं झालं. त्याला सन पाठ करायला लावू नका, या वयात शंभर आणि हजार वर्षांत फारसा फरक वाटत नाही. मुलीने त्याच विषयावर आणखी एक पुस्तक स्वतः वाचावं आणि आठवड्याला पानभर लिहावं. अडचण चौथ्या वर्षी येईल. दोन महायुद्धं, ज्यूंचा संहार, हिरोशिमा हे सगळं तेव्हा येतं, मुलगी चौदा-पंधराची झालेली असेल पण मुलगा दहा-अकराचाच. ते धडे आधी तुम्ही एकट्याने वाचा. फोटो असलेली पानं तर नक्कीच. आम्ही त्या वर्षी अशा धड्यांपुरतं एकत्र वाचन थांबवलं. धाकट्याला काय झालं ते सांगितलं, पण दाखवलं नाही.

मुलांना पुढे एखादी औपचारिक परीक्षा द्यायची असेल तर तिचा अभ्यासक्रम दोन वर्षं आधी काढून बघा, त्याआधी त्याची काळजी करू नका. वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि तारीख घातलेले थोडे नमुने मात्र पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये ठेवा. नोंदी दाखवाव्या लागणं जिथे बंधनकारक आहे तिथे ऐनवेळी धावपळ होत नाही.

आता तुमच्यासाठी मी काय निवडेन? क्रमवार अभ्यासक्रम, आठवड्याला तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं मोठ्याने वाचन. वर्कबुक नको. प्रोजेक्ट महिन्यात एक, तोही मुलांनी मागितला तर. तुम्हाला इतिहास आवडत नव्हता म्हणता, पण शाळेत तुम्ही बहुधा इतिहास वाचलाच नसेल, उत्तरं पाठ केली असतील. म्हणून पूर्ण संच घेण्याआधी त्यातला एकच धडा मिळवा, नमुना म्हणून बहुतेक जण देतात, आणि दोन आठवडे तोच चालवा. मुलांना आवडतोय का ते कळेलच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, मुलं झोपल्यावर, पुढचं पान तुम्ही आपणहून उलटून बघितलंत का तेवढं मला कळवा.

आणि वर्षभराने संच बदलावासा वाटला तर बदला, अपराधी वाटून घेऊ नका. टाइमलाइन तेवढी फेकू नका. आमच्या पट्टीवर तीन अभ्यासक्रमांच्या नोंदी तीन रंगांच्या शाईत आहेत. पहिल्या चार महिन्यांच्या हिरव्या शाईत इजिप्तपाशी धाकट्याने काढलेलं एक सुकलेलं सफरचंद आहे.