वडोदऱ्यात कमाटीबागेमागे विश्वामित्री नदीच्या काठी मगरीचं पिल्लू एकटं दिसलं. आईने टाकलंय का? उचलून आणावं का?

नाही, अजिबात उचलू नका. एकटं दिसतंय म्हणजे आई नाही असं नसतं; ती बहुतेक जवळच पाण्याखाली असते. पिल्लाला हात लावला की ते ओरडतं आणि ती आवाजावर धावून येते. कधी नरही येतो. सरपटणाऱ्यांत बाप इतका कामाचा क्वचितच!

मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत खड्डा खणून 25-30 अंडी घालते आणि दोनेक महिने राखण करते. पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. तो ऐकून ती माती उकरते, अडकलेलं अंडं जबड्यात हलकेच दाबून फोडते आणि पिल्लांना तोंडातच पाण्यापर्यंत नेते. त्या वेळी पाहणाऱ्याला ती पिल्लं खातेय असंच वाटतं. भरवत मात्र नाही. किडे, बेडकुळ्या, छोटे मासे पिल्लं स्वतः पकडतात. आईचं काम फक्त पहारा. घोरपड, कुत्री, बगळे टपलेलेच असतात, त्यामुळे मोठी होतात ती थोडीच. कासवीण तर अंडी पुरून निघून जाते, त्या मानाने ही फारच मायाळू.

काठावर असाल तर निदान 10 मीटर मागे सरा आणि कुत्र्याला दोरीने धरा. पावसाळ्यात पिल्लू अंगणात किंवा गटारात आलं तर वरून टोपली पालथी घाला, त्यावर वीट ठेवा आणि वनखात्याला कळवा. दूध पाजू नका, बादलीत पाळू नका: मगर 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.