संप्रेरक वाढले की रोप संवेदनशील झाले?

प्रश्न : ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस या जिवाणूतले रोल-बी जनुक घातलेल्या तंबाखूच्या पानांच्या चकत्यांना अगदी थोड्या ऑक्झिनवरही (मुळे फुटायला लावणारे वनस्पतींचे संप्रेरक) भरपूर मुळे फुटतात. पानांतले ऑक्झिन मोजले, तर ते साध्या रोपांइतकेच भरते. मग हे जनुक नेमके करते काय?

उत्तर : आधी दोन गट वेगळे करू. ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्समधली आयएए-एम आणि आयएए-एच ही जोडी ट्रिप्टोफॅनपासून इंडोल-ॲसिटामाइड आणि त्यापासून इंडोल-ॲसिटिक आम्ल, म्हणजे आयएए हे नैसर्गिक ऑक्झिन, बनवते. त्याच जिवाणूतले आयपीटी जनुक सायटोकायनिन हे पेशीविभाजनाला चालना देणारे संप्रेरक बनवते. ही जनुके रोपात गेली की संप्रेरकाचे प्रमाणच बदलते. स्यूडोमोनासमधले आयएए-एल उलट काम करते. ते आयएएला लायसिन जोडून त्याचा प्रभाव कमी करते.

रोल-बी या गटात बसत नाही. साखरेशी बांधलेले ऑक्झिन ते मोकळे करते, असा दावा १९९१ मध्ये झाला होता. पण पुढे रोपांत केलेल्या मोजमापांत त्याला आधार मिळाला नाही. त्याच वर्षी तंबाखूच्या पानांतल्या भित्तिकाविरहित पेशींवर, म्हणजे प्रोटोप्लास्टवर, वेगळी गोष्ट दिसली. रोल-बी असलेल्या पेशींच्या पटलावरचा विद्युतदाब साध्या पेशींपेक्षा कितीतरी पट कमी ऑक्झिनला प्रतिसाद देत होता. तुमचे निरीक्षण त्याच दिशेचे आहे.

तरीही एक सावधगिरी हवी. मूळ फुटते मोजक्या पेशींतून आणि तुम्ही मोजता ते अख्ख्या पानाच्या अर्कातले ऑक्झिन. त्या मोजक्या पेशींत ते वाढले असले, तरी अर्कात ते दिसणार नाही. त्यामुळे ‘प्रमाण सारखे’ एवढ्यावरून ‘संवेदनशीलता वाढली’ असे लिहू नका. ते प्रयोगाने दाखवा.

प्रश्न : तो प्रयोग कसा मांडावा?

उत्तर : एका मात्रेवर तुलना करणे ही सर्वांत नेहमीची चूक. मात्रांची मालिका लावा : ०, ०.०१, ०.०३, ०.१, ०.३, १, ३ आणि १० मायक्रोमोलर एनएए (नॅफ्थलीन-ॲसिटिक आम्ल, एक कृत्रिम ऑक्झिन). मुळे फुटण्याच्या चाचणीसाठी आयएएपेक्षा एनएए बरे, कारण आयएए माध्यमात प्रकाशाने लवकर विघटित होते. १८.६ मिलिग्रॅम एनएए १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत विरघळवून पाण्याने १० मिलिलिटर करा; हे १० मिलिमोलर साठा-द्रावण झाले. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून ते निर्जंतुक करा आणि ऑटोक्लेव्ह केलेले माध्यम कोमट झाल्यावर त्यात मिसळा. शून्य मात्रेच्या प्लेटमध्येही तितकेच सोडियम हायड्रॉक्साइड जायला हवे, नाहीतर तुलना लंगडी पडते.

माध्यम एमएस (मुराशिगे-स्कूग हे ऊतीसंवर्धनाचे नेहमीचे पोषक माध्यम), ३ टक्के सुक्रोज, ०.८ टक्के अगार, सामू ५.७ ते ५.८. चकत्या एकाच वयाच्या रोपांच्या एकाच क्रमांकाच्या पानातून घ्या, कारण जून पानाचा प्रतिसाद कोवळ्यापेक्षा वेगळा असतो. प्लेटा २५ अंश सेल्सिअसला ठेवा आणि दोन आठवड्यांनी दर चकतीमागची मुळे मोजा.

तुलनेला नुसते साधे रोप पुरेसे नाही. रोल-बी नसलेली, पण बाकी सगळी तीच जनुक-बांधणी त्याच पद्धतीने घातलेली रोपेही हवीत, कारण ऊतीसंवर्धनातून जाण्यानेच रोपात काही बदल होतात. स्वतंत्रपणे रूपांतरित झालेल्या, म्हणजे बाहेरचे जनुक बसलेल्या, रोपांच्या किमान तीन ओळी (एकेका रोपाचा वंश) घ्या. जनुक गुणसूत्रात कुठे बसले, किती प्रती बसल्या, यावर त्याची अभिव्यक्ती ठरते. एकाच ओळीत दिसलेला परिणाम त्या जागेचाही असू शकतो.

आलेख काढताना मात्रा लॉग प्रमाणात घ्या. वक्र डावीकडे सरकला, पण माथा तितकाच राहिला, तर निम्मा प्रतिसाद कमी ऑक्झिनवर मिळतो आहे. संवेदनशीलता वाढल्याचा हा खरा पुरावा. वक्र जागच्या जागी राहून फक्त माथा उंचावला, तर मूळ फुटण्याची एकूण क्षमता वाढली. त्याला संवेदनशीलता म्हणू नये. शून्य मात्रेवरच मुळे फुटली, तर आतले ऑक्झिन वाढल्याची शंका आधी घ्या.

वक्र सरकला तरी एक पर्याय उरतोच : ऑक्झिनची ने-आण किंवा विघटन बदलले असेल. त्यासाठी रोपांच्या मुळांची लांबी उभ्या प्लेटांवर एनएए, आयएए आणि २,४-डी (आणखी एक कृत्रिम ऑक्झिन) या तिन्हींवर वेगवेगळी मोजा. २,४-डी पेशीत शिरते मुख्यतः वाहकांमार्फत आणि विघटित होते सावकाश. एनएए सहज झिरपते. तिन्हींना प्रतिसाद सारखाच वाढला, तर बदल ऑक्झिन पेशीत पोचल्यानंतरचा असण्याची शक्यता बळावते. फक्त आयएएवर फरक दिसला, तर विघटनाकडे बघा.

प्रश्न : रोल-बी नसलेल्या रूपांतरित चकत्यांनाही ऑक्झिनशिवाय मुळे आणि कॅलस (आकार न घेतलेल्या पेशींचा गोळा) येतो. जिवाणू मारायला माध्यमात कार्बेनिसिलिन घातले आहे. कारण काय असावे?

उत्तर : बहुधा तेच. कार्बेनिसिलिनच्या विघटनातून फेनिलॲसिटिक आम्ल तयार होते आणि त्याचा परिणाम सौम्य ऑक्झिनसारखा असतो. संप्रेरकाच्या चाचणीत ते अजिबात नको. रूपांतरणाच्या वेळी सेफोटॅक्सिम हे दुसरे प्रतिजैविक वापरा आणि चाचणी मात्र पुढच्या पिढीच्या बियांपासून, प्रतिजैविकाविना वाढवलेल्या रोपांवरच करा. त्या रोपांत जिवाणू लपून राहिलेला नाही याची खात्री हवी, कारण ॲग्रोबॅक्टेरियम स्वतःही ऑक्झिन बनवतो. पानाचा तुकडा प्रतिजैविक नसलेल्या पोषक अगारवर २८ अंशांना तीन-चार दिवस ठेवा. कडेने चिकट, पांढुरकी वाढ दिसली तर ती रोपे बाजूला काढा.