इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रॅव्हल सायकल चालते का, की माउंटन बाइकच न्यावी लागते?

दोन दिवस हाताशी असताना ग्रॅव्हल सायकलवरून (म्हणजे रस्त्यावरच्या सायकलसारखीच, पण खडीच्या वाटांसाठी जाड टायरची सायकल) लेक डिस्ट्रिक्टमधील कोणते मार्ग करावेत, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय ‘तिथे ग्रॅव्हल सायकल म्हणजे नुसती हौस, माउंटन बाइक नसेल तर डांबर सोडू नका’ असे एका अनुभवी सायकलस्वाराने तुम्हाला सांगितले, ते कितपत खरे हेही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण हेच वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत चारचौघांत ऐकून घेतलेले आहे. ते खरे नाही. मार्ग चुकीचा निवडायचा आणि दोष सायकलला द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आमच्या सायकल गटाचे त्या वेळचे प्रमुख वर्षानुवर्षे माउंटन बाइक चालवत आलेले गृहस्थ होते. त्यांनी एका रविवारसाठी विंडरमियरहून ट्राउटबेक, तेथून गारबर्नची खिंड ओलांडून केंटमियर आणि पुढे केंट नदीच्या कडेने स्टेव्हली असा मार्ग आखला. गटातील निम्म्याहून अधिक जणांकडे ग्रॅव्हल सायकली होत्या आणि त्यांतल्या एक बाई तर डांबराबाहेर पहिल्यांदाच येणार होत्या. मी आदल्या संध्याकाळी नकाशा समोर ठेवून सांगितले की हा मार्ग या सायकलींचा नाही. त्यावर त्यांचे उत्तर एकच होते : नकाशावर ब्रायडलवे (घोडेस्वार आणि पायी जाणाऱ्यांसाठीची सार्वजनिक वाट) आहे, म्हणजे सायकल जाते.

या एका समजुतीमुळे लेक डिस्ट्रिक्टमध्ये जितके दिवस वाया जातात तितके पावसामुळेही जात नसतील. इंग्लंडमध्ये ब्रायडलवेवर सायकल चालवण्याचा हक्क 1968 च्या कंट्रीसाइड कायद्याने दिला आणि त्याच वेळी सायकलस्वाराने पायी चालणाऱ्यांना व घोडेस्वारांना वाट दिली पाहिजे, अशी अटही घातली. मात्र तो रस्ता सायकलसाठी सोयीचा करून देण्याचे बंधन त्यामुळे कोणावरही येत नाही, असेही त्याच कलमात म्हटलेले आहे. म्हणजे नकाशावरची ती लांब रेघांची हिरवी तुटक रेषा तुम्हाला जाण्याचा हक्क आहे एवढेच सांगते. खाली मुरूम आहे, चिखल आहे की डोक्याएवढे धोंडे आहेत, याविषयी ती काहीच सांगत नाही. मी हे त्या संध्याकाळी बोलले होते. ‘कायदा वाचून सायकल चालत नाही’ असे म्हणून त्यांनी नकाशा मिटला.

गारबर्न ही जुनी, लादलेल्या घोड्यांच्या काळातली वाट आहे. ट्राउटबेकच्या बाजूने चढताना दगड सुटे होत जातात, मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि एकदा पाय टेकला की चढावर पुन्हा सायकलवर बसणे जवळजवळ अशक्य होते. आम्ही बहुतेक सर्वांनी तो चढ सायकली ढकलत पार केला. खरी परीक्षा केंटमियरच्या उतारावर होती, कारण तिथे पाण्याने माती वाहून गेलेली असल्याने उघडे पडलेले धोंडे आणि त्यांच्यामधल्या खाचा एवढेच उरलेले होते. त्या नवख्या बाई अतिशय सावधपणे, बराचसा भाग उतरून चालत, खाली येत होत्या. जिथे थोडी सपाटी वाटली म्हणून त्या बसल्या, तिथेच दगडाच्या धारेने त्यांच्या टायरची बाजू इतकी फाटली की लहान छिद्रे बुजवणारा आतला द्रव सगळा वाहून गेला आणि ट्यूब घालूनही ती भेग आवरेना. उरलेला सगळा उतार त्यांनी सायकल हातात धरून पार केला. खाली गावात प्रमुख आधीच पोहोचलेले होते. सर्वजण जमल्यावर त्यांनी तो फाटलेला टायर उचलून दाखवला आणि म्हणाले, ‘पाहिलंत? म्हणून सांगतो, या सायकली इथल्या नाहीत.’ त्या बाईंनी महिन्याभरात ती सायकल विकून टाकली आणि पुन्हा गटात आल्या नाहीत. ग्रॅव्हल सायकल सहज चालते असा ग्रेझडेलचा जंगलरस्ता त्यांनी पाहिलाही नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

आता मार्ग. या डोंगरांचे तीन पट्टे पडतात आणि कोणत्या पट्ट्यात आपण आहोत हे कळले की सायकल चालेल की नाही याचा अंदाज बराचसा येतो. मधला पट्टा ज्वालामुखीच्या कठीण खडकाचा आहे. स्कॅफेल पाइक, 978 मीटरचे इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर, याच पट्ट्यात येते. हा खडक कोनदार, धारदार तुकड्यांत फुटतो आणि खिंडीतल्या वाटा त्याच तुकड्यांनी भरलेल्या असतात. उत्तरेचा स्किडॉचा पट्टा पाटीच्या दगडाचा आहे. त्याचे लहान चपटे तुकडे होतात, त्यामुळे तिथल्या वाटा पुष्कळ सौम्य असतात. दक्षिणेकडे, विंडरमियर आणि कोनिस्टन यांच्या आसपास, खडक मऊ आणि टेकड्या बुटक्या आहेत. ग्रॅव्हल सायकलसाठी पहिला दिवस याच दक्षिण भागात द्यावा.

बोनेस गावाजवळून फेरीबोटीने विंडरमियर तलाव ओलांडावा. ही बोट तारदोरांवर चालते आणि सायकली घेते. पलीकडे उतरून तलावाच्या पश्चिम काठाने रे कॅसलपर्यंत जाणारी वाट झाडीतून जवळजवळ पाण्याच्या पातळीवरून जाते. सुटीच्या दिवशी तिथे मुले आणि कुत्री घेऊन फिरणारी कुटुंबे असतात, तेव्हा वेग विसरावा. तेथून हॉक्सहेडमार्गे ग्रेझडेलच्या जंगलात शिरावे. लाकूड वाहणाऱ्या ट्रकांसाठी बांधलेले तिथले रस्ते रुंद आहेत, खडी दाबून बसवलेली आहे आणि चढ सायकलवर बसूनच संपवता येतील असे आहेत. खुणांचे मार्ग आखून दिलेले असले तरी त्यांतले काही निमुळते आणि मुद्दाम अवघड केलेले, माउंटन बाइकसाठीचे आहेत. तिथे हट्टाने जाऊ नये.

दुसरा दिवस मी एनरडेलला देईन. हा भाग पश्चिमेला एका कडेला असल्यामुळे लोक तो टाळतात, आणि माझ्या मते तीच त्यांची चूक आहे. बोनेस नॉटच्या वाहनतळापासून पुढे खासगी मोटारींना मज्जाव आहे. वनखात्याचा रस्ता एनरडेल वॉटरच्या उत्तर काठाने आणि पुढे लायझा नदीच्या सोबतीने दरीच्या टोकाला, ब्लॅक सेल येथील पूर्वीच्या मेंढपाळाच्या झोपडीपर्यंत जातो. ही झोपडी आता वसतिगृह आहे. उजव्या हाताला 892 मीटरचा पिलर नावाचा डोंगर सतत डोक्यावर असतो, आणि तरीही चाकाखालचा चढ इतका हळूहळू येतो की मान वर करून पाहण्याची सवड मिळते. झोपडीपासून बटरमियरकडे आणि वॉस्डेलकडे नेणाऱ्या दोन्ही खिंडी नकाशावर ब्रायडलवे म्हणून दाखवलेल्या आहेत. दोन्हीकडे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आल्या वाटेने परत फिरावे, त्यात कसलाही कमीपणा नाही.

मुक्काम उत्तरेकडच्या केझिक गावी असेल तर तेथून थ्रेलकेल्डपर्यंतचा जुन्या रेल्वेचा मार्ग संध्याकाळी करता येतो. ती रेल्वे 1972 मध्ये बंद झाली. पुढे तिच्यावरून केलेल्या वाटेचे काही भाग आणि काही पूल डिसेंबर 2015 च्या डेस्मंड वादळात वाहून गेले आणि ती 2020 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा खुली झाली. त्या वादळात होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत 341.4 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. इथल्या वाटांवरची माती का टिकत नाही आणि जुन्या माहितीवर विसंबून का निघू नये, हे या एका आकड्यावरून समजावे. डॉक्रेहून निघणारा ओल्ड कोच रोडही सर्वजण सुचवतात. क्लफ हेडच्या पायथ्याने जाणारी ती वाट बलदंड टायर असतील तर सुंदर आहे, मात्र सेंट जॉन्स इन द व्हेलकडचा शेवटचा उतार तीव्र आणि सुट्या दगडांचा आहे.

सायकलबद्दल थोडक्यात : टायर 45 मिलिमीटरचे, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) आणि बाजू मजबूत असलेले घ्या, पेडलजवळच्या सर्वांत लहान दातेरी चक्रीपेक्षा मागच्या चाकाची सर्वांत मोठी चक्री मोठी असू द्या. पाणी काढून देण्यासाठी वाटांवर आडवे दगडी पाट बसवलेले असतात, त्यांवरून जाताना वजन मागे घ्या. ओल्या पाटीच्या दगडावर ब्रेक दाबू नका.

काही गोष्टी मघाशीच सांगायला हव्या होत्या. माउंटन बाइकला माझा विरोध नाही. गारबर्न, वॉल्ना स्कार यांसारख्या वाटांचा आनंद तिच्यावरच आहे आणि ज्यांना तोच हवा त्यांनी तीच न्यावी. एनरडेलमध्ये मोबाइलच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून एकटे जाणार असाल तर परतीची वेळ कोणाला तरी सांगून निघा. जंगलात तोड सुरू असेल तेव्हा रस्ते बंद ठेवतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करा. आणि तुम्हाला सल्ला देणाऱ्या त्या गृहस्थांना एवढे अवश्य विचारा की ग्रेझडेल किंवा एनरडेल त्यांनी स्वतः ग्रॅव्हल सायकलवरून केले आहे का. आमच्या प्रमुखांना हा प्रश्न मी केंटमियरमध्ये त्या फाटलेल्या टायरसमोरच विचारला होता, आणि त्यांचे उत्तर ‘नाही’ असे होते.