विद्यार्थी सेवांसाठी निधी कोणाकडे आणि कसा मागावा?

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळात काम करते. कमवा आणि शिका योजनेत मागेल त्याला काम देता येत नाही, समुपदेशक ठरावीक दिवशीच येतात आणि खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींच्या जेवणाचा प्रश्न आमच्या अर्थसंकल्पात कुठेच बसत नाही. गेल्या फेब्रुवारीत अनेक कंपन्यांना सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी ठेवायच्या निधीसाठी पत्रे पाठवली, पण बहुतेकांकडून पोचही आली नाही. नवा निधी आणि नवे भागीदार कसे शोधावेत?

उत्तर : कंपन्यांकडे पुन्हा जाण्यापूर्वी एक काम घरातच करावे लागेल. जो पैसा शासनाने विद्यार्थ्यांच्या नावे आधीच ठेवला आहे, तो त्यांच्या हाती पडतो का, हे पाहावे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाची स्वाधार योजना आहे आणि मुंबई-पुण्यात तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत जाते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शुल्कमाफी २०२४ पासून लागू झाली आहे. असे अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावाचून किंवा आधारशी न जोडलेल्या बँक खात्यापायी अडकतात आणि खेड्यातून आलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते सोडून देतो. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचे अर्ज भरून देणारा आणि त्यांचा पाठपुरावा करणारा कक्ष आपल्याच मंडळात नियमित चालवावा. त्याला जवळजवळ खर्च येत नाही.

जेवणाचा प्रश्न मला सर्वांत तातडीचा वाटतो आणि त्यावर मदत मिळण्याची शक्यताही सर्वाधिक आहे. मात्र ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी भोजन साहाय्य’ एवढ्या शब्दांवर कोणी पैसे देणार नाही. विद्यापीठाजवळच्या मेसचालकांच्या वह्या पाहाव्यात. घरून पैसे येणे लांबले की खाडे वाढतात, रात्रीचा डबा बंद होतो, दोघांत एक डबा घेतला जातो, आणि हे सारे त्या वहीत तारखेनिशी नोंदलेले असते. कोणत्या महिन्यांत किती विद्यार्थी जेवण सोडतात आणि एका डब्याचा दर काय, हे कळले की आपली मागणी एका पानात मावते. विद्यार्थ्यांची नावे आणि छायाचित्रे मात्र देणगीदाराला कधीही देऊ नयेत. मदत घेताना रांगेत उभे राहून फोटो काढून घ्यावा लागणार असेल, तर ज्याला खरी गरज आहे तोच विद्यार्थी येणार नाही.

आता सीएसआरविषयी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण, आरोग्य आणि भूक निवारण हे तिन्ही विषय त्यात बसतात. कंपनीचा आराखडा आर्थिक वर्षापुरता ठरतो आणि ते ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीतले पत्र बहुतेक उशिरा पोहोचते. बोलणी दिवाळीच्या आसपास सुरू करावीत. युवा महोत्सवाला फलकाच्या बदल्यात मिळणारे प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरले जात नाही, म्हणून त्या दोन मागण्या एका पत्रात मिसळू नयेत. निधी विद्यापीठामार्फत खर्च होणार असेल, तर सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज भरलेला असावा लागतो. आपल्या विद्यापीठाची ही नोंदणी झाली आहे का, हे वित्त विभागाकडून आधी विचारून घ्यावे.

आपण एका वर्षाची देणगी मागू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या वर्षी सुरू झालेली भोजन योजना दुसऱ्या वर्षी बंद पडली, तर तिच्या भरवशावर शहरात राहिलेल्या मुलीची स्थिती आधीपेक्षा वाईट होते. कायद्यातही बहुवर्षीय प्रकल्पाची तरतूद आहे आणि तो सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालू शकतो. सामंजस्य करारात मुदत, टप्प्याटप्प्याने येणारी रक्कम आणि करार संपल्यावर खर्च कोण उचलणार, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

समुपदेशनासाठी पैशापेक्षा जोडणी महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता असणे आवश्यक आहे, तेव्हा हे पद देणगीवर न टांगता विद्यापीठाच्या अर्थसंकल्पातच मागावे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी लेखी व्यवस्था ठेवावी आणि टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावावा.

कमवा आणि शिकाचे म्हणाल, तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून स्वावलंबी शिक्षणाची ही परंपरा महाराष्ट्रात आहे. ती केवळ विद्यापीठाच्या पैशावर चालवण्याची गरज नाही. शहरातील ग्रंथालये, बँका, सहकारी संस्था यांच्याकडे नोंदी संगणकावर घेण्याचे, जुनी कागदपत्रे लावण्याचे काम पडून असते. ते काम त्यांनी द्यावे, मानधनही त्यांनीच विद्यापीठामार्फत द्यावे, आणि तासांची मर्यादा व तासिका सांभाळण्याची अट मात्र मंडळाची असावी. मला ही भागीदारी सर्वांत टिकाऊ वाटते, कारण येथे दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज असते.

प्रश्न : आमच्या वसतिगृहाचे काही माजी विद्यार्थी अमेरिकेत आहेत आणि मदत करू इच्छितात. वसतिगृह एका खासगी शिक्षण संस्थेचे आहे. पैसे थेट घेता येतील का?

उत्तर : देणगीदाराचे नागरिकत्व आधी विचारावे. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने परदेशातील आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) कार्ड असले तरी त्यांची देणगी विदेशीच ठरते, आणि ती घेण्यासाठी संस्थेला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खाते लागते. मुंबई आयआयटीच्या १९९८ च्या तुकडीने २०२३ मध्ये ५७ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले, हे उदाहरण अशा वेळी हमखास पुढे येते. आपल्यासाठी मात्र पुण्याच्या विद्यार्थी सहायक समितीची वाट अधिक जवळची आहे. १९५५ पासून ग्रामीण विद्यार्थ्यांना आधार देणाऱ्या या संस्थेत तिथेच शिकून गेलेली मुले पुढच्यांसाठी उभी राहत आली आहेत. तुमच्याही माजी विद्यार्थ्यांपैकी जे छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई येथे नोकरीत आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी आणि एकरकमी मोठ्या देणगीऐवजी एका विद्यार्थ्याचा वर्षभराचा मेसखर्च उचलण्याची विनंती करावी.