‘गुत्त्यात पोस्ट कसं राहीन?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आला आहे. इंग्लंडमधल्या खेड्यांवरचा एक लेख त्या शाळेच्या हस्तलिखितासाठी मराठीत आणत आहेत. त्या लेखात गावचा पब सारखा येतो. त्या पबच्या एका कोपऱ्यात पोस्टाचं काम चालतं, दुसऱ्या कोपऱ्यात किराणा मिळतो, पुस्तकांचं कपाटही आहे. ताईंनी आधी पबला ‘गुत्ता’ लिहिलं. आईनं वाचलं आणि विचारलं, “गुत्त्यात पोस्ट कसं राहीन वं, बाई?” मग त्यांनी भट्टी लिहून पाहिलं, बार लिहून पाहिलं, परमिट रूमही लिहून पाहिलं. एकही बसेना. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: या पबला मराठीत काय म्हणायचं, आणि हा ‘गुत्ता’ आला कुठून.

आईंच्या प्रश्नात निम्मं उत्तर आहे, म्हणून आधी गुत्त्याकडे जाऊ.

गुत्ता या शब्दात मुळात दारूचा थेंबही नाही. तेलुगूत ‘गुत्त’ म्हणजे ठेका, मक्ता. कन्नडमध्ये त्याचाच भाऊ ‘गुत्तिगे’. मराठवाड्यात आजही रस्त्याचं, पुलाचं काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकार लिलावात देत असे. जास्त बोली बोलणाऱ्याला त्या भागाचा गुत्ता मिळे. ज्या जागी तो गुत्तेदार दारू विकायचा ती जागाही हळूहळू गुत्ता झाली. करार होता तो दुकान झाला. निजामाच्या मुलखात महसुलाची भाषा अशीच होती आणि आपलं वऱ्हाड १८५३पर्यंत त्याच मुलखात होतं.

हिंदीत अगदी हेच घडलं आहे. वरूडवरून पुढे मध्य प्रदेशात शिरलं की पाट्या दिसू लागतात, ‘देसी शराब का ठेका’. तिथेही ठेका म्हणजे आधी कंत्राट, मग दुकान. दोन वेगळ्या भाषाकुळांतून आलेले शब्द, पण लिलावाची पद्धत एक, म्हणून शब्दांची वाटचालही एक. मला ही जोडी फार आवडते. शब्द कुठल्या भाषेतून आला एवढंच पाहून भागत नाही, तो कुठल्या कचेरीतून आला हेही पाहावं लागतं.

आता भट्टी. नागपूरकडे आणि पूर्व विदर्भात परवान्याच्या देशी दारूच्या दुकानाला लोक सर्रास भट्टी म्हणतात. दुकानात बाटल्यांची खोकी असतात, लोखंडी जाळी असते, आत-बाहेर उभ्यानं पिणारी माणसं असतात. आग मात्र कुठेच नसते. मग भट्टी का? संस्कृतात भ्राष्ट्र म्हणजे भाजायचं पात्र, त्यावरून भट्टी. इंग्रजी अमलात मध्य प्रांतात अनेक ठिकाणी दारू जिथे गाळायची तिथेच विकायची, अशी पद्धत होती. मोहफूल तिथेच सडवायचं, तिथेच चुलाण पेटायचं आणि गिऱ्हाईकही तिथेच बसायचं. पुढे गाळणं कारखान्यात गेलं, विकणं दुकानात राहिलं. आग गेली आणि नाव मागे राहिलं. पश्चिमेकडच्या वाचकाला भट्टी म्हटलं की हातभट्टी आठवते, म्हणजे चोरून गाळलेली. आपल्याकडची भट्टी परवान्याची असते. लिहिताना हा फरक ध्यानात ठेवावा, नाहीतर सरकारमान्य दुकानावर बेकायदेशीरपणाचा शिक्का बसतो.

कलारी हा शब्दही जुन्या माणसांकडून ऐकू येतो. संस्कृत कल्यपाल म्हणजे मद्य तयार करणारा, त्यावरून कलाल, कलार आणि त्यांच्या दुकानाची कलाली, कलारी. पण ते व्यवसायाचं आणि समाजाचं नाव आहे. त्या समाजातली बहुतेक माणसं आज शेती, नोकरी, शिक्षण अशा वाटांवर आहेत. दुकानाला ते नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

परमिट रूम मुंबई दारूबंदी कायद्याचं लेकरू. हा कायदा १९४९चा. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यात गेला आणि त्या राज्याचे कायदे आणि त्यांचे शब्द आपल्याकडे आले. सरकारी मराठीत त्याला ‘परवाना कक्ष’ म्हणतात. बारबद्दल थोडक्यात: इंग्रजीत बार म्हणजे आडवा दांडा, ज्याच्या पलीकडून पेला पुढे सरकवला जातो तो. आपल्याकडे तंबाखूचा ‘बार’ भरतात, तो निराळा शब्द, बंदुकीत ठासून भरतात तो. आणि बंदुकीतल्या बारालाही दारूच लागते! फारसीत दारू म्हणजे औषध. आपण ‘दवादारू’ म्हणतो त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

आता हे शब्द एका रांगेत ठेवून पाहा. गुत्ता म्हणजे करार. भट्टी म्हणजे चूल. परमिट रूम म्हणजे परवानगीचा कागद. बार म्हणजे लाकडाचा दांडा. चौघांपैकी एकातही माणूस नाही. सगळे शब्द आबकारीच्या दप्तरातून किंवा दुकानाच्या सामानातून आले. ‘पब’ मात्र ‘पब्लिक हाउस’चं आखूड रूप आहे. पब्लिक म्हणजे लोक, हाउस म्हणजे घर. खाजगी घराला दार लावलेलं असतं, हे घर लोकांसाठी उघडं. या नावात पिण्याचा उल्लेखच नाही, आहेत ते लोक आणि घर. म्हणून त्या घरात पोस्ट शिरलं तरी इंग्रजी वाचकाला खटकत नाही. गुत्त्यात शिरलं की तुमच्या आईंना खटकतं. त्यांचा कान अचूक आहे.

इंग्लंडमध्ये या घरात पूर्वी काय काय चालत असे पाहा. एकोणिसाव्या शतकात संशयास्पद मृत्यूची चौकशी पुष्कळदा पबमध्ये बसे, कारण गावात पंच बसवता येतील अशी मोठी खोली तीच. कामगारांच्या आजारपणासाठी, मयतीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळ्या पबमध्येच भरत. आपल्याकडे पंचनामा, वसुली, गावची भांडणं चावडीवर आणि पैशाची भिशी कुणाच्या तरी ओसरीवर. म्हणजे त्यांच्या एका छपराखाली आपली दोन-तीन ठिकाणं मावतात. अलीकडे तिथेही खेड्यातले पब बंद पडू लागले. २००१मध्ये तेव्हाचे युवराज, आताचे राजे चार्ल्स यांच्या पुढाकारानं ‘पब इज द हब’ नावाचं काम सुरू झालं. पबच्याच जागेत दुकान, पोस्ट, वाचनालय आणून तो जगवायचा, हा त्यामागचा विचार. कंब्रिया भागातल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्यानं तर २००३मध्ये आपला ‘द ओल्ड क्राउन’ हा पब सहकारी तत्त्वावर विकतच घेतला. सूतगिरणी आणि जिनिंग सहकारात पाहिलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्या नावातला ‘हब’ही पाहून घ्या. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यात आरे बसतात आणि ज्यातून आस जातो. बैलगाडीच्या चाकात त्याला तुंबा म्हणतात. तुमच्या लेखात हबला ‘केंद्र’ लिहिलं असेल, ते चुकीचं नाही. पण आपल्या पोरांनी जुनं चाक अजून कुणाच्या तरी गोठ्यामागे पाहिलेलं असतं. ‘गावाचा तुंबा’ लिहिलंत तर एका ओळीत चित्र उभं राहील. आरे दूर दूर जातात, धाव रस्त्याला लागते, आणि सगळं धरून ठेवतो तो तुंबा.

मग आपल्या खेड्याचा तुंबा कोणता? विदर्भात माझ्या मते तो पानठेला. पुण्याकडे पानटपरी म्हणतात, आपल्याकडे ठेला. ठेलणं म्हणजे ढकलणं, त्यावरून ठेला, ढकलून न्यायची गाडी. फाट्यावरचा ठेला मात्र वीस-वीस वर्षं जागचा हललेला नसतो. चाकं मातीत रुतून गेलेली, वर पत्रा, बाजूला बाकडं. तिथे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातो, पेपरचं एकेक पान वेगवेगळ्या हातात असतं. कापसाला काय भाव फुटला, फवारणीला माणूस मिळेल का, कुणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे, कुणाला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, हे सगळं तिथे कळतं. लग्नपत्रिका तिथे ठेवतात. घराची किल्ली ठेवतात. यष्टीच्या कंडक्टरनं दिलेलं पार्सल ठेवतात. “कुठी हायेस?” असं फोनवर विचारलं की उत्तर येतं, “ठेल्यावर.” कोणता ठेला हे सांगावं लागत नाही. इंग्रज माणूस आपल्या नेहमीच्या पबला नुसतं ‘द लोकल’ म्हणतो, ते हेच. माझ्या गावचा ठेला महिनाभर बंद होता तेव्हा माणसांना एकमेकांना शोधायला घरोघरी जावं लागलं. ते मी पाहिलं आहे.

पण म्हणून पबला सरळ पानठेला लिहा, असं मी म्हणणार नाही. एक तर तिथे बिअर मिळते, इथे पान. दुसरं मोठं कारण म्हणजे ठेल्यावर बाया बसत नाहीत. त्यांची जागा हापशीवर, विहिरीवर, आता बचतगटाच्या बैठकीत. इंग्लंडच्या आजच्या गावपबात नवरा-बायको, म्हातारी आजी, लेकरं सगळे जेवायला येतात. ठेला लिहिलं की त्यातली निम्मी माणसं वाचकाच्या डोळ्यांसमोरून पुसली जातात.

आणि भट्टी लिहिलं तर याहून वाईट होतं. आपल्या भागात हा शब्द बायांनी भोगलेला आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ला झाली, लोकांच्या मोठ्या चळवळीतून. चंद्रपुरात २०१५ला झाली आणि २०२१ला उठली. गावागावात बायांनी मतदान करून भट्ट्या बंद पाडल्या. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ‘आमच्या गावात बाटली आडवी झाली’ हे वाक्य इथे अभिमानानं बोललं जातं. ज्या शब्दामागे एवढं सगळं उभं आहे तो शब्द लेकरांच्या हस्तलिखितात ‘गावाचं प्रेमाचं ठिकाण’ म्हणून आणणं मला पटत नाही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी गावाला एकत्र बसवायला सामुदायिक प्रार्थना दिली. आपल्या खेड्यात ‘लोक एकत्र बसतात’ आणि ‘लोक पितात’ या दोन गोष्टी पुष्कळदा एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या आहेत. इंग्रजी ‘पब’ या शब्दात त्या सोबत नांदतात. शब्द न बसण्याचं खरं कारण हे.

सगळीकडेच असं आहे असंही नाही. गडचिरोलीकडच्या गोंड गावांत मोहाची दारू पूजेत चढवतात, पाहुण्याला देतात, लग्नात, मयतीत तिचा मान असतो. तिथे पिणं आणि एकत्र बसणं जुळलेलं आहे. पण ती घरात, अंगणात, देवापुढे. दुकान नाही, म्हणून दुकानाचं नावही नाही. तिथलं लोकांचं घर म्हणजे गोटुल, आणि त्या शब्दाला त्याचा स्वतःचा अर्थ आहे. तो पबसाठी उसना घेऊ नये.

मराठीत एक गोष्ट मात्र पबच्या फार जवळ जाते. ती नाम नाही, क्रियापद आहे: बसणे. “काल बसलो होतो.” “येतो का बसाले?” काय पिलं याचा उल्लेखही नाही, तरी सगळ्यांना कळतं. जागेला आपण करार, चूल, परवाना अशी नावं दिली, कृतीला मात्र माणसांचं नाव दिलं. संस्कृतात याची उलट बाजू दिसते. कौटिल्यानं दारूखान्याला ‘पानागार’ म्हटलं आहे. तो सांगतो की त्याला अनेक दालनं असावीत, निजायला-बसायला वेगळ्या जागा असाव्यात, सुगंध, फुलं, पाणी असावं, आणि प्रत्येक ऋतूत तिथे सुख वाटावं. वर्णन वाचून पबच आठवतो. पण पानागार आज लिहिलं तर पोरं त्याला पानठेला समजतील!

आता ताईंच्या लेखापुरतं. ‘पब’ हाच शब्द ठेवा. पण नुसता ठेवू नका, कारण आपल्या मुलांच्या मनात पब म्हणजे मुंबई-पुण्यातलं, रात्री मोठ्या आवाजात गाणी लावणारं ठिकाण. पहिल्यांदा येईल तिथे ‘गावपब’ करा आणि अर्धी ओळ समजावून सांगा. पुढे नुसतं ‘पब’ चालेल. ‘द लोकल’ला ‘आपला पब’ म्हणा, आपला ठेला म्हणतो तसं. बारमागे उभ्या असलेल्या माणसाला ‘दारू विकणारा’ करू नका, ‘पबवाला’ म्हणा, आपण ठेलेवाला म्हणतो त्याच मायेनं. आणि जे वाक्य आईंना खटकलं ते मी असं लिहिलं असतं:

“गावपब म्हणजे लोकांसाठी दार उघडं असलेलं घर. संध्याकाळी तिथे बिअर मिळते, जेवण मिळतं, पण सकाळी म्हातारी माणसं तिथे पेन्शनचे पैसे काढायला येतात, कारण गावाचं पोस्ट त्याच घराच्या एका कोपऱ्यात आहे.”

हे आईंना वाचून दाखवा, आणि त्या काय म्हणतात ते मला नक्की कळवा.