आकडा नंतर, यादी आधी

महिला उमेदवारांच्या कोट्यावर लिहायला बसली आहेस, तर आधी एक गुंता सोडव. राखीव जागा वेगळ्या, उमेदवारीतला कोटा वेगळा. रवांडात संसदेतल्या जागाच राखीव आहेत; अर्जेंटिनाने १९९१ साली पक्षांच्या याद्यांत ३० टक्के महिला सक्तीच्या केल्या. (मीही सुरुवातीला यात गल्लत केली होती.) मग यादी वरून खाली वाच; अशा निवडणुकीत मत पक्षाच्या यादीला पडतं आणि वरच्या क्रमांकापासून उमेदवार निवडून येतात. पाच जण निवडून येणार आणि बाई सहाव्या क्रमांकावर, म्हणजे कोटा कागदावरच. मतदारसंघातून एकच जण निवडून येतो तिथे हीच चलाखी पडेल जागा देऊन करतात. दंडाचं कलमही बघ. फ्रान्समध्ये २००० च्या कायद्यानंतर मोठ्या पक्षांनी सरकारी अनुदानातली कपात खुशाल सोसली, पण निम्मी तिकिटं काही महिलांना दिली नाहीत.